जुन्या काचपट्टीची झांकणकाच

आज सिंधुदुर्ग जिल्ह्यांत असलेलें मालवण १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यांतच होतें. तेथें १८८४ सालीं जन्मलेल्या शंकर पुरुषोत्तम आघारकर यांनीं पश्चिम घाटांतील गोड्या पाण्यांत जेलीफिश शोधून काढला. असा शोध इतरांस पटावयाचा, तर नमुना पुन्हां पाहतां आला पाहिजे. शाळेच्या कपाटांतील काचपट्ट्यांसही हाच न्याय लागू आहे.

आमच्या कांहीं पट्ट्या पिवळ्या पडल्या आहेत, कांहींत कडेनें हवा शिरली आहे. नमुना व त्यावरील पातळ झांकणकाच यांच्यामध्यें कॅनडा बाल्सम हा राळेसारखा पदार्थ असतो. तो जवळजवळ काचेइतकाच प्रकाश वळवितो. म्हणून नमुना स्वच्छ दिसतो. तो आकसला कीं फटींत हवा शिरते, प्रकाश विखुरतो व चित्र धूसर होतें. मग झांकणकाच काढून नवी बसवावी लागते.

प्रथम चिठ्ठीवरील मजकूर वहींत उतरून घ्यावा व हिरकणीच्या लेखणीनें पट्टीच्या टोंकास क्रमांक कोरावा. चिठ्ठी गेली कीं नमुना निनांवी झाला! नंतर पट्टी झांकणाच्या भांड्यांत झायलीनमध्यें आडवी बुडवावी. झायलीन चटकन् पेट घेतें, त्याची वाफही बाधते. सबब हें काम गुरुजींच्या देखत, ज्योतीपासून दूर व खिडक्या उघडून करावें.

पुढें वाट पाहणें हेंच खरें काम. कधीं दोन दिवस, कधीं दोन आठवडेही लागतात. एकदां आम्हीं उतावीळपणें काचेखालीं चाकूचें टोंक घातलें. काच निघाली, पण पिसूचे पाय तिच्याबरोबर गेले. तो नमुना पुन्हां मिळाला नाहीं.

काच आपण होऊन सरकूं लागली म्हणजे अलगद उचलावी. ताज्या झायलीननें जुना बाल्सम धुवावा, आणि नमुना वाळण्यापूर्वींच त्यावर नव्या बाल्समचा एक थेंब सोडावा. सुमारें ०.१७ मिलिमीटर जाडीची नवी काच एका कडेवर टेकवून हळूहळू खालीं आणावी, म्हणजे बुडबुडे बाहेर जातात. पट्टी आडवीच वाळूं द्यावी. झायलीनमध्यें पाण्याचा अंश गेल्यास दुधासारखा ढग उमटतो. म्हणून कोंकणांत हें काम पावसाळा संपल्यावरच काढावें.

ज्यानें पट्टी केली त्याचे श्रम आणि पुढें जो पाहील त्याची दृष्टि, दोन्ही क्षणभर आपल्या बोटांत असतात. तेवढा वेळ बोटें स्थिर ठेवावींत, एवढेंच आमचें सांगणें.