सॅकमध्ये काय भरायचं? : एका थंड रात्रीचा धडा

मराठी विभागात लिहायची ही माझी पहिलीच वेळ. शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर संपादकांनी सांभाळून घ्यावं! पण डिसेंबर आला की आपलं अर्धं हॉस्टेल कॅम्पिंगला निघतं, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

गेल्या डिसेंबरमध्ये आम्ही आठ जण मिहानहून चिखलदऱ्याला गेलो. पॅकिंग-इनचार्ज मी. मॅट सॅकमध्ये मावेनात, तेव्हा मी म्हणालो, "झोपायला कोण चाललंय बे? रात्रभर गप्पा मारू." मॅट काढल्या, स्पीकर आणि मॅगी भरली. कपड्यांच्या यादीतही मीच लिहिलं होतं, 'अंगावरची जीन्स पुरे.'

संध्याकाळी ओढ्यात रूममेटचा पाय घसरला आणि जीन्स गुडघ्यापर्यंत भिजली. बदलायला दुसरी नव्हती. रात्री एक वाजता तो थडथड कापत होता, बोटं इतकी आखडली की जॅकेटची चेन लावता येईना. घाबरून आम्ही तंबूतच स्टोव्ह पेटवायला निघालो. तेवढ्यात कॅम्पचे चौकीदार काका धावत आले, "मरायचं हाये काय पोट्टेहो?" त्यांनी ओली जीन्स काढायला लावली, स्वतःचं धोतर दिलं, खाली गोणपाट आणि वर घोंगडी टाकली, गोड गरम चहा पाजला. तासाभराने तो सावरला. मला मात्र सकाळपर्यंत झोप आली नाही.

परत आल्यावर हीट ट्रान्सफरची वही उघडली. ज्या विषयात मी काठावर पास झालो, त्यातच सगळं लिहिलेलं होतं!

आधी गणित

नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर, चिखलदरा सुमारे ११०० मीटरवर. दर हजार मीटरला तापमान साधारण ६.५ अंशांनी उतरतं. म्हणजे तिथे आपल्यापेक्षा अंदाजे ५ अंश कमी धरायचे. आणि नागपूरला कमी समजू नका, डिसेंबर २०१८ च्या शेवटी इथेच पारा ३.५ अंशांवर गेला होता.

मग सामान

शरीराची उष्णता चार वाटांनी जाते. प्रत्येक वाट अडवणारी एक तरी वस्तू सॅकमध्ये हवी.

१. कंडक्शन : जमीन पाठीतून उष्णता ओढते. स्लीपिंग बॅगचा खालचा भाग आपल्या वजनाने दबतो, त्यातली हवा निघून जाते आणि तो निरुपयोगी होतो. म्हणून फोमची मॅट. हॉस्टेलमधली योगा मॅटही चालेल.

२. कन्व्हेक्शन : वारा अंगाभोवतीची गरम हवा उडवून नेतो. एका जाड स्वेटरपेक्षा दोन-तीन पातळ थर आणि वर वारा अडवणारं जॅकेट बरं.

३. बाष्पीभवन : पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं, आणि वाळताना आणखी घेतं. सुती जीन्स तासन्‌तास ओली राहते. म्हणून झोपायचा एक कोरडा जोड आणि मोजे प्लास्टिकच्या पिशवीत बांधून वेगळे ठेवा. ते दिवसा घालायचेच नाहीत.

४. रेडिएशन : कानटोपी. शिवाय चंदेरी इमर्जन्सी ब्लँकेट, ते मुठीत मावतं.

याशिवाय हेडटॉर्च (मोबाईलचा टॉर्च यात धरू नका, थंडीत बॅटरी लवकर उतरते), पाणी, ओआरएस, बँडेज, स्वतःची औषधं आणि शिट्टी. तीन वेळा शिट्टी म्हणजे 'मदत हवी' ही खूण अनेक ठिकाणी चालते. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलच्या 'द माउंटेनीअर्स' संस्थेने १९३० च्या दशकातच अशा दहा आवश्यक वस्तूंची यादी केली होती. त्यात स्पीकर नव्हता!

आयकार्ड विसरू नका. चिखलदऱ्याला लागून मेळघाट व्याघ्र प्रकल्प आहे, देशातल्या पहिल्या नऊपैकी एक. वाटेल तिथे तंबू ठोकायचा नाही, शेकोटी पेटवायची नाही. कुठे जातोय, कधी परतणार, हे कागदावर लिहून वॉर्डन सरांकडे द्या.

भरायची पद्धत

स्लीपिंग बॅग तळाशी, जड सामान मध्ये आणि पाठीला चिकटून, टॉर्च-जॅकेट-औषधं सगळ्यात वर. सॅकचं वजन आपल्या वजनाच्या पाचव्या भागापर्यंत, म्हणजे ६० किलोच्या मुलाला १२ किलो. त्यात ३ लिटर पाणी धरलं की ३ किलो तिथेच गेले. आपल्या डोक्यावरून दिवसभर विमानं उडतात, वजनाचा हिशोब झाल्याशिवाय त्यातलं एकही उडत नाही. आपणही मेसच्या काट्यावर सॅक ठेवून बघायला काय हरकत आहे?

दोन सक्त सूचना

बंद तंबूत स्टोव्ह किंवा शेगडी कधीच नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. काकांनी ओरडून आम्हा आठ जणांना वाचवलं, हे मला नंतर कळलं. आणि थंडीने कापणाऱ्या मित्राचं बोलणं अडखळायला लागलं, तोल जायला लागला, तर चहावर भागवू नका, सरळ दवाखाना गाठा.

सॅक भरताना मी विचारत होतो, "हे नेलं तर मजा येईल का?" विचारायला हवं होतं, "हे नसेल तर रात्री एक वाजता काय होईल?" या डिसेंबरला आम्ही परत जातोय. चौकीदार काकांसाठी नवीन धोतर घेतलंय. रूममेटही येतोय, फक्त त्याची एक अट आहे : माझी सॅक तो तपासणार.