सामायिक भांडार : किल्ली कोणाकडे?

आपली बरीच मुले आता दोघे-चौघे मिळून सॉफ्टवेअरचा धंदा करतात. सर्वांचे काम ज्या एका जागी जमा होते तिला ‘रिपॉझिटरी’ म्हणतात. आम्ही कापडवाले तिला सामायिक खातेवही म्हणू. यासाठी लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली तयार केलेली ‘गिट’ पद्धत आज सर्वत्र चालते.

स्वतःच्या सर्व्हरवर वही ठेवायची तर ती ‘बेअर’ प्रकारची उघडावी. म्हणजे तीत बसून कोणी काम करीत नाही, माल फक्त जमा होतो. उघडतानाच ‘शेअर्ड’ हा पर्याय द्यावा. तो राहिला तर एकाने केलेल्या फोल्डरात दुसऱ्याला लिहिता येत नाही आणि कुरबुर सुरू होते. शेअर्डमुळे आणखी एक बंदोबस्त होतो : जुन्या नोंदी उडवून नव्या चढवणारा ‘फोर्स पुश’ सर्व्हर नाकारतो. शाखाच पुसण्याची मनाई मात्र वेगळी लावावी लागते.

नोंदीवरचे नाव ही सही समजू नये. गिटमध्ये ते नाव लिहिणारा स्वतः भरतो, हवे ते भरतो! म्हणून प्रत्येकाला वेगळे लॉगिन द्यावे. दुसऱ्याचे काम ही अमानत आहे. भागीदारी सोडणाऱ्याची किल्ली त्याच दिवशी काढावी, मग तो सख्खा मेहुणा का असेना.

प्रत्येकाच्या यंत्रावर इतिहासाची प्रत असते हे खरे. पण सर्व्हरवरचे नियम आणि ‘हूक’ त्या प्रतीत उतरत नाहीत. ते वेगळे जपून ठेवावेत.