फोनवरचा तोतया : इयत्ता चौथी व पाचवीसाठी एक पाठ

पाठाची आवश्यकता

सोलापूरहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या मार्गावर, दक्षिण सोलापूर तालुक्यात कुंभारी हे गाव आहे. या गावाच्या परिसरात श्रमिकांच्या दोन मोठ्या वसाहती उभ्या राहिल्या. विडी कामगार स्त्रियांसाठी बांधलेल्या कॉम्रेड गोदूताई परुळेकर वसाहतीतील सुमारे दहा हजार घरे २००६ साली लाभार्थींना मिळाली; आणि रे नगरातील पंधरा हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी विडी, यंत्रमाग, शिलाई आदी व्यवसायांतील कामगारांच्या स्वाधीन करण्यात आली. मराठी, तेलुगू, कन्नड व उर्दू या भाषा येथे शेजारी शेजारी नांदतात.

अशा घरात मोबाइल असतो, बँकेचे खाते असते, सरकारी योजनेचा हप्ताही त्या खात्यात जमा होतो. परंतु विड्या वळणाऱ्या आईला हातातले सूप बाजूला ठेवण्यास सवड नसते आणि आजीला पुष्कळदा अक्षरओळख नसते. मग फोनवर संदेश आला की, तो वाचून दाखविण्याचे काम शाळेत जाणाऱ्या मुलाकडे येते. हे चित्र केवळ कुंभारीचे नव्हे. जिल्ह्यातील बहुतेक गावांत ते दिसते. घरातील पहिला वाचक हा आपला विद्यार्थी आहे.

याच ठिकाणी धोका आहे. फोनवरून फसविणाऱ्यास घराचे कुलूप फोडावे लागत नाही. घरातील कोणीतरी एक आकडा वाचून दाखविला की त्याचे काम होते. यास्तव वाचावयास शिकविणाऱ्या शाळेने, काय वाचून दाखवू नये हेही शिकविले पाहिजे. प्रस्तुत पाठाचा हेतू एवढाच आहे.

शिक्षकांसाठी माहिती

महाराष्ट्राच्या इतिहासातील तोतयाचे बंड शिक्षकांस परिचित आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. परंतु त्यांच्या मृत्यूविषयी अनेकांच्या मनांत संशय राहिला, आणि भाऊ परत यावेत अशी आशाही राहिली. त्या संशयाचा व आशेचा लाभ घेऊन एक मनुष्य ‘मीच भाऊसाहेब’ म्हणून उभा राहिला. १७७६ साली त्याने कोकणात मोठे बंड माजविले, आणि चौकशीअंती तोतया ठरून त्याच वर्षी त्यास देहदंड झाला. त्याला मान तुकविणारे सर्वच काही मूर्ख नव्हते. ओळख पटविण्यापूर्वी त्यांनी विश्वास टाकला, एवढीच त्यांची चूक.

आजचा तोतया फोनवरून बोलतो. कधी तो बँकेचा अधिकारी होतो, कधी पोलीस, कधी वीज कंपनीचा कर्मचारी, तर कधी परगावी अडचणीत सापडलेला नातेवाईक. त्याच्या बोलण्यात बहुधा चार लक्षणे आढळतात. पहिले, तो अधिकाराचे वा आपुलकीचे सोंग घेतो. दुसरे, तो भीती घालतो किंवा लोभ दाखवितो. तिसरे, तो घाई करतो. ‘आज रात्री वीज तोडली जाईल’, ‘पाच मिनिटांत खाते बंद होईल’ असे म्हणतो. चौथे, तो गुप्तता राखावयास सांगतो. ‘फोन ठेवू नका, घरात कोणाला सांगू नका’ असा त्याचा आग्रह असतो. चारही लक्षणे प्रत्येक वेळी दिसतीलच असे नाही. परंतु घाई आणि गुप्तता ही दोन एकत्र आली की सावध व्हावे.

त्याच्या प्रमुख युक्त्यांची माहिती शिक्षकांस असणे अवश्य आहे.

(१) ओटीपी. खात्यातून रक्कम काढतेवेळी बँक खातेदाराच्या मोबाइलवर जो आकडा पाठविते, तो एकदाच चालणाऱ्या किल्लीसारखा असतो. बँकेचा खरा कर्मचारी तो कधीही विचारीत नाही.

(२) पिन व क्यूआर कोड. यूपीआय पद्धत २०१६ साली सुरू झाली. तिच्यातील पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी लागत नाही. ‘पैसे जमा करण्यासाठी हा कोड स्कॅन करा व पिन टाका’ असे कोणी म्हटल्यास तो पैसे काढून घेत आहे असे निश्चित समजावे.

(३) लग्नपत्रिका, वीजबिल किंवा योजनेचा अर्ज या नावाने येणारी एपीके फाइल. ही पत्रिका वा अर्ज नसून एक ॲप असते. ते उघडून परवानग्या दिल्यास फोनवर येणारे संदेश परस्पर दुसरीकडे वाचले जाऊ शकतात. मग ओटीपी विचारण्याचीही गरज उरत नाही.

(४) योजनेच्या नावाने येणारी लिंक. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना २०२४ साली सुरू झाली व सप्टेंबर २०२५ मध्ये तिच्या लाभार्थींसाठी ई-केवायसी आवश्यक करण्यात आली. अशा प्रत्येक वेळी खऱ्यासारख्या दिसणाऱ्या खोट्या संकेतस्थळांचा धोका असतो. शिष्यवृत्ती व घरकुल यांविषयीही हीच दक्षता घ्यावी.

(५) ‘डिजिटल अटक’. गणवेशातील मनुष्य व्हिडिओवर दिसतो, तुमच्या नावाने गुन्हा नोंदला आहे असे सांगतो, आणि तासन्‌तास कॅमेऱ्यासमोर बसवून पैसे मागतो. अशी अटक भारताच्या कोणत्याही कायद्यात नाही. पंतप्रधानांनीही ऑक्टोबर २०२४ मधील ‘मन की बात’ या कार्यक्रमात हे देशास स्पष्टपणे सांगितले होते.

(६) भाड्याचे खाते. ‘तुझे बँक खाते आम्हास वापरू दे, महिन्याला पैसे देऊ’ असे आमिष तरुणांना दाखविले जाते. चोरीचा पैसा अशा खात्यांतून फिरविला जातो आणि खातेदार स्वतःच गुन्ह्याच्या चौकशीत सापडतो. शाळा सोडून गेलेल्या माजी विद्यार्थ्यांच्या कानांवर ही गोष्ट जाणे अगत्याचे आहे.

फोनच्या पडद्यावर दिसणारे नाव, क्रमांक किंवा छायाचित्र हा ओळखीचा पुरावा नव्हे. ही तिन्ही खोटी दाखविता येतात. आता यंत्राच्या साहाय्याने माणसाच्या आवाजाचीही नक्कल होते. तेव्हा आवाज ओळखीचा वाटला तरी तेवढ्यावर भिस्त ठेवू नये. खात्रीचा मार्ग एकच : आलेला फोन ठेवावा, आणि आपल्याला आधीपासून माहीत असलेल्या वाटेने आपण स्वतः चौकशी करावी. बँकेविषयी शंका असेल तर पासबुकावर छापलेल्या क्रमांकावर फोन करावा किंवा शाखेत जावे. नातेवाईक असेल तर त्याच्या जुन्या क्रमांकावर बोलावे. समोरच्याने दिलेला क्रमांक, अथवा इंटरनेटवर शोधून प्रथम दिसलेला क्रमांक, यांवर विसंबू नये.

पाठाचे टाचण

वेळ : दोन तासिका.

उद्दिष्टे : विद्यार्थ्याने (अ) तोतयाची चार लक्षणे सांगावीत, (आ) कोणते आकडे कोणासही वाचून दाखवू नयेत हे ओळखावे, (इ) संशयास्पद फोन सभ्यपणे बंद करावा, (ई) घडलेली गोष्ट घरातील मोठ्यांस तत्काळ सांगावी.

साहित्य : फळा, खडू, दोन काड्यापेट्या व त्यांना जोडणारा दोरा. खरा मोबाइल वर्गात आणू नये.

विषयप्रवेश : शिक्षकांनी पुढील प्रश्न विचारावेत. तुमच्या घरी कोणी अनोळखी मनुष्य आला व म्हणाला, ‘मला तुझ्या बाबांनी पाठविले आहे, कपाटाची किल्ली दे’, तर तुम्ही काय कराल? तो ओळखीचा आहे हे कशावरून ठरवाल? तोच मनुष्य दिसत नसेल, केवळ त्याचा आवाज ऐकू येत असेल, तर? मुले पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सहज देतील. तिसऱ्या प्रश्नाशी ती थांबतील. तेथून पाठ सुरू करावा.

विवेचन : भाऊसाहेबांच्या तोतयाची गोष्ट थोडक्यात सांगावी. लोकांनी त्याच्यावर विश्वास का ठेवला, हे मुलांकडून काढून घ्यावे. मग फोनवरच्या तोतयाची चार लक्षणे एकेक करून फळ्यावर लिहावीत.

नाट्यीकरण : दोन मुलांनी काड्यापेटीचा फोन धरून पुढील संभाषण करावे.

तोतया : बाळ, मी बँकेतून साहेब बोलतोय. आई कुठे आहे?
मुलगी : आई कामात आहे.
तोतया : असू दे. तिच्या फोनवर आत्ताच एक आकडा आला असेल, तेवढा वाचून दाखव. नाहीतर खाते बंद होईल.
मुलगी : साहेब, आकडा मी सांगणार नाही. आई आणि मी बँकेत येऊन विचारू.
तोतया : अगं, तेवढा वेळ नाही! आणि आईला सांगू नकोस, ती उगाच घाबरेल.
मुलगी : मी फोन ठेवते. (फोन ठेवून) आई, कोणीतरी आकडा मागत होतं!

संभाषण संपल्यावर चार लक्षणे कोणकोणत्या वाक्यांत आली, हे वर्गाने सांगावे. नंतर वीज कर्मचारी, पोलीस, परगावचा मामा अशी सोंगे बदलून तोच खेळ पुन्हा घ्यावा. जेथे मुलांची घरची भाषा निराळी आहे, तेथे मुलीची वाक्ये त्या भाषेतही म्हणवून घ्यावीत. प्रसंगी मुलाच्या ओठांवर घरचीच भाषा येते.

फलकलेखन :
आकडा सांगू नये.
अनोळखी लिंक वा फाइल उघडू नये.
फोन ठेवावा; घरी सांगावे.
आपणच चौकशी करावी.
पैसे गेले तर लगेच १९३०.

गृहपाठ : फळ्यावरील पाच ओळी वहीत लिहून त्या घरातील सर्वांस वाचून दाखवाव्यात. आजीला पाच ओळी पाठ म्हणता येऊ लागल्या की गृहपाठ पुरा झाला असे समजावे.

पैसे गेल्यास काय करावे

फसवणुकीची रक्कम एका खात्यातून दुसऱ्या व दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात अल्पावधीत फिरविली जाते. १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदविली की संबंधित बँकांना सूचना जाते, आणि वाटेत असलेली रक्कम रोखून धरता येते. रक्कम शेवटच्या हातातून रोख निघून गेल्यावर हा उपाय फारसा चालत नाही. म्हणून प्रथम १९३० ला फोन करावा, मग आपल्या बँकेस कळवावे, आणि व्यवहाराचा क्रमांक, वेळ व रक्कम घेऊन पोलीस ठाणे गाठावे. राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार संकेतस्थळावरही तक्रार करता येते. संदेश व कॉलची नोंद पुसून टाकू नये. तोच पुरावा असतो.

बँकेस कळविण्यातील विलंबही महाग पडतो. खातेदाराच्या संमतीवाचून होणाऱ्या व्यवहारांविषयी रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढलेल्या परिपत्रकात असे तत्त्व मांडले की, दोष बँकेचा किंवा खातेदाराचा नसून अन्यत्र असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेस कळविले असेल, तर खातेदारावर भार पडू नये. खातेदाराने स्वतःच पिन वा ओटीपी सांगितला असेल, तर बँकेस कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे, कळविल्यानंतरचे बँकेचे. दोन्ही प्रसंगी लवकर कळविण्यातच हित आहे.

शिक्षकांनी घ्यावयाची दक्षता

पहिली गोष्ट, ज्या घरात अशी फसवणूक झाली असेल, त्या घराचे नाव वर्गात घेऊ नये. कोणाच्या खात्यात किती पैसे आहेत हे मुलांना विचारू नये. फसलेल्या मनुष्यास हसण्याची प्रवृत्ती दिसल्यास ती तेथेच थांबवावी. लाजेमुळे माणसे बोलत नाहीत, आणि ती बोलत नाहीत तेवढा वेळ चोरास मिळतो. मुलाच्या हातून चूक झाली तर घरी मार बसेल अशी भीती त्यास असेल, तर ते चूक लपवील. ‘चुकून आकडा सांगितला तरी लगेच सांग, कोणी रागावणार नाही’ हे वाक्य पालक-सभेत पालकांकडूनच वदवून घ्यावे.

दुसरी गोष्ट, मोठ्यांशी नम्रपणे वागावे, त्यांची आज्ञा पाळावी, असे आपण मुलांना नित्य शिकवितो. तोतया याच सद्गुणाचा फायदा घेतो. सबब, अनोळखी मनुष्याचा फोन मध्येच ठेवणे हा उद्धटपणा नव्हे, हे मुलांस स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. शिक्षकाने ते सांगितल्यावाचून आज्ञाधारक मुलाचे धैर्य होणार नाही.

तिसरी गोष्ट शिक्षकांच्या स्वतःच्या आचरणाची आहे. पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर शिष्यवृत्तीची किंवा योजनेची एखादी लिंक येते आणि सद्भावनेने ती पुढे पाठविली जाते. गुरुजींनी किंवा बाईंनी पाठविली म्हणून पालक ती निःशंकपणे उघडतात. जो विश्वास मिळविण्यासाठी तोतयास सोंग घ्यावे लागते, तो शिक्षकास गावाने आधीच दिलेला आहे. तेव्हा कार्यालयाचे पत्र किंवा अधिकृत संकेतस्थळ स्वतः पाहिल्याखेरीज कोणतीही लिंक पुढे पाठवू नये.

मूल्यमापन

लेखी परीक्षेने या पाठाचे फळ कळणार नाही. पाठानंतर पंधरा दिवसांनी शिक्षकांनी सहज विचारावे : ‘मधल्या काळात कोणाच्या घरी अनोळखी फोन आला होता का? तुम्ही काय केलेत?’ एका मुलाने जरी ‘मी फोन ठेवला आणि आईला सांगितले’ असे उत्तर दिले, तरी एका घराची महिन्याची मजुरी वाचली असे समजावे. हजार विड्या वळल्यावाचून जेथे दिवसाचा हिशेब पुरा होत नाही, तेथे ही बचत लहान नव्हे.