प्रवास, आरक्षण आणि पूर्वनियोजन

‘तहान लागल्यावर विहीर खणणे’ ही म्हण आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. तिचा अर्थ सर्वांना ठाऊक असतो, पण प्रवासाची वेळ आली की तो आपण सोयीस्करपणे विसरतो. गणेशचतुर्थीला गावी येणारा चाकरमानी असो, परीक्षेसाठी मुंबईस निघालेला विद्यार्थी असो की उपचारासाठी जाणारा रुग्ण असो, ऐनवेळी त्याची जी ओढाताण होते ती काही केवळ गर्दीमुळे होत नाही. नियमांचे अज्ञान हेही तिचे मोठे कारण आहे. गर्दी आपल्या हाती नाही. नियम समजून घेणे मात्र आहे. म्हणून कोकणातील रेल्वेप्रवास डोळ्यांसमोर ठेवून या विषयाचा थोडा विचार करू.

पहिली गोष्ट दिवसांच्या हिशेबाची. १ नोव्हेंबर २०२४ पासून लांब पल्ल्याच्या गाड्यांचे आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होऊ लागले. त्यापूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती. प्रवासाचा दिवस या साठांत धरायचा नसतो. उदाहरण घेऊ. २०२५ साली गणेशचतुर्थी २७ ऑगस्टला होती. तेव्हा २५ ऑगस्टच्या गाडीचे आरक्षण २६ जूनला सकाळी ८ वाजता खुले झाले. गौरी-विसर्जन २ सप्टेंबरला आटोपून ३ तारखेस परतायचे, तर त्या तिकिटाचा दिवस ५ जुलै. म्हणजे जाण्याचे आणि येण्याचे तिकीट एकाच दिवशी काढता येत नाही. अनेक घरांत जाण्याची घाई होते आणि परतीचा दिवस निघून जातो. यावर उपाय साधा आहे. नवे कॅलेंडर भिंतीवर लागले की सणाच्या तारखेबरोबर तिकिटाच्या या दोन्ही तारखांवरही खूण करून ठेवावी.

दुसरी गोष्ट मध्यरात्रीची. कोकणकन्या एक्स्प्रेस मुंबईहून रात्री अकराच्या सुमारास सुटते आणि पनवेलला पोहोचते तेव्हा बारा वाजून गेलेले असतात. २५ तारखेच्या रात्री पनवेलला गाडीत चढणाऱ्याच्या तिकिटावर म्हणून २६ तारीख असते. ती पाहून जो २६ च्या रात्री सामान घेऊन फलाटावर येतो, त्याची गाडी आदल्याच रात्री गेलेली असते! तिकीट हाती येताच तारीख, वेळ व चढण्याचे स्थानक मोठ्याने वाचून घरातल्या सर्वांना सांगावे.

तिसरी गोष्ट अर्जाची. एका अर्जावर सहा प्रवासी, तर तत्काळ तिकिटावर चारच प्रवासी चालतात. नाव ओळखपत्रावर असेल तसेच लिहावे. वयही खरे लिहावे; कारण ६० वर्षांवरील पुरुष व ४५ वर्षांवरील स्त्रिया यांना, जागा शिल्लक असल्यास, खालचा बर्थ देण्याची सोय आहे. १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटासाठी खाते आधारशी पडताळलेले असणे आवश्यक झाले. हे काम शांतपणे आधीच करून ठेवायचे असते. तत्काळ खुले होते आदल्या दिवशी, वातानुकूलित वर्गासाठी सकाळी १० वाजता व इतर वर्गांसाठी ११ वाजता. त्या वेळी ज्याचा आधार पडताळणीपाशीच अडतो त्याच्या हाती काही लागत नाही.

चौथी गोष्ट, तिकिटावरील अक्षरे वाचण्याची. ‘आरएसी’ म्हणजे गाडीत चढण्याचा हक्क मिळाला, पण बाजूचा एक बर्थ दोघांत वाटून बसावे लागेल. ‘वेटिंग’ म्हणजे जागा नाही. त्यातही ‘जीएनडब्ल्यूएल’ ही बहुधा गाडी सुटते तिकडची मुख्य यादी. ती तुलनेने लवकर पुढे सरकते. ‘पीक्यूडब्ल्यूएल’ ही मधल्या लहान स्थानकांची सामाईक यादी असल्याने तिच्यावर फार भिस्त ठेवू नये. चार्ट लागल्यावरही सर्व प्रवासी वेटिंगवरच राहिले तर ऑनलाइन तिकीट आपोआप रद्द होते व पैसे परत येतात. खिडकीवर काढलेले तिकीट मात्र स्वतः जाऊन परत करावे लागते. वेटिंगच्या तिकिटावर आरक्षित डब्यात बसता येत नाही. म्हणून वेटिंग लांबलेले दिसताच एसटीची चौकशी करणे शहाणपणाचे. पर्याय हा पराभव नसून नियोजनाचाच भाग आहे.

आता थोडे मनातले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे वाडीतले कागद वाचण्यासाठी माझ्याकडे येतात. अशाच एका कुटुंबाने सणाच्या तोंडावर एका मध्यस्थाला दुप्पट पैसे देऊन तिकिटे घेतली होती. ती वाचली तर त्यांवरील नावे भलत्याच माणसांची! दुसऱ्याच्या नावाच्या तिकिटावर प्रवास म्हणजे विनातिकीट प्रवास. पैसे बुडाले, गाडीतला दंड मात्र वाचला. असा अनधिकृत धंदा करणाऱ्यास रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४३ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. परंतु कायदा पुस्तकात असतो आणि मध्यस्थ दारात उभा असतो. तो जे विकतो ते बहुतेक वेळा तिकीट नसतेच. आपल्याला माहीत नसलेला नियमच तो आपल्याला विकत असतो. ही किंमत सुशिक्षितांपेक्षा आमच्यासारख्या घरांनाच अधिक मोजावी लागते.

मित्रांनो, आपल्या आईवडिलांनी पोटाला चिमटा घेऊन आपल्याला शिकविले. शिक्षणाचा उपयोग नोकरी लागल्यावरच होईल असे का मानावे? यंदा घरातले कॅलेंडर खाली उतरवा, साठ दिवस मागे मोजा आणि शेजारच्या काकूंच्या तिकिटाची तारीखही त्यावर लिहा. विहीर आधी खणली, तर तिचे पाणी साऱ्या वाडीला पुरते.