रुजांदे

देवगडजवळच्या खाडीकाठी माझ्या मामाचं घर आहे. नऊ वर्षांपूर्वीच्या श्रावणात तिथून कांदळाच्या सात शेंगा ओल्या गोणपाटात गुंडाळून मी डोंबिवलीला आणल्या. घरी माशांसाठी खाऱ्या पाण्याची चार फुटी टाकी होती. सातांपैकी तीन झाडं आज उभी आहेत. जी गेली त्यांनी जास्त शिकवलं.

१. शेंग तोडायची नाही, पडलेली उचलायची.
कांदळाचं बी झाडावर असतानाच रुजतं. फळातून हिरवी काठी खाली लांबत जाते, हातभर होते. पिकली की फळ आणि काठी यांच्या सांध्याशी पिवळी गळपट्टी दिसू लागते आणि मग शेंग आपली आपण सुटते. ओढून काढलेली कच्ची शेंग कितीही जपली तरी सुकते. शिवाय २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवन तोडायला बंदी घातली आहे. हौसेपोटी त्या झाडाला हात लावणं मला तरी पटत नाही. माझ्या शेंगा उधाणाच्या भरतीत बांध ओलांडून मामाच्या भातात आल्या होत्या, तिथून त्या उपटून टाकाव्याच लागणार होत्या. उचलताना वरचं टोक तेवढं बघा. तिथेच कोंब असतो. तो मोडला असेल तर शेंग कितीही टवटवीत दिसो, तिला पान येणार नाही.

२. पुरू नका, उभी करा.
पहिली शेंग मी अर्ध्याहून अधिक पुरली आणि उरलेली पाण्याखाली गेली. महिन्याभरात ती आतून मऊ पडली. शेंगेच्या सालीवर बारीक तपकिरी ठिपके असतात, त्यांतून ती श्वास घेते. खालची चार बोटं खडीत आणि कोंब पाण्याच्या बराच वर, एवढंच लागतं. मी थर्माकोलच्या तुकड्याला भोक पाडून शेंग त्यात अडकवते.

३. खाडीचा चिखल खाडीतच राहू द्या.
दुसऱ्या वर्षी मला वाटलं, झाडाला आपली माती मिळाली तर ते खूश होईल. घमेलंभर काळा चिखल आणून टाकीच्या एका कोपऱ्यात पसरला. आठ-दहा दिवस सगळं ठीक होतं. मग एका संध्याकाळी शेंग सरळ करायला हात घातला, चिखल ढवळला गेला आणि कुजक्या अंड्यांचा वास घरभर पसरला. अशा चिखलात खोलवर प्राणवायू नसतो, तिथे विषारी वायू साचतो. सकाळी दोन्ही क्लाऊनफिश तळाशी पडले होते. खाडीत दिवसातून दोनदा भरती-ओहोटी तो चिखल धुऊन काढते. माझ्या कोपऱ्यात ते करणारं कोणी नव्हतं. कांदळ नुसत्या खडीत आणि प्रवाळाच्या चुऱ्यातही छान रुजतं, हे मला त्यानंतर कळलं.

४. मीठ हळूहळू.
पावसात खाडीचं पाणी जवळजवळ गोडं असतं. तिथून आलेली शेंग लिटरला ३५ ग्रॅम क्षाराच्या पाण्यात एकदम टाकली तर तिला धक्का बसतो. मी आधी बादलीत गोड्या पाण्यात मुळं फुटू देते, मग सहा आठवड्यांत थोडं थोडं खारं पाणी वाढवत नेते. कांदळाला मीठ लागतं असं नाही, ते मीठ सोसतं. दोन्हींत फरक आहे.

५. उडतं ते पाणी, मीठ नाही.
म्हणून टाकी रोज भरायची ती गोड्या, आर.ओ.च्या पाण्याने. मे महिन्यात माझ्याकडे दिवसाला दीड लिटर लागतं. गावी जाताना शेजाऱ्यांना हे लिहून देते.

६. पानं पुसा.
कांदळासारख्याच खाडीकाठी वाढणाऱ्या तिवराच्या पानांवर मिठाचे कण दिसतात, कारण तिवर पानांतून मीठ बाहेर टाकतं. कांदळाची रीत वेगळी. ते बरंचसं मीठ मुळाशीच अडवतं. मग माझ्या कांदळाच्या पानांवर पांढरा थर कुठून आला? टाकीतल्या बुडबुड्यांचे तुषार उडून वाळत होते. रोज सकाळी गोड्या पाण्यात भिजवलेल्या मऊ फडक्याने मी एकेक पान पुसते. वरून गुळगुळीत, खालून काळे ठिपके आणि टोकाला सुईसारखं बारीक अणकुचीदार टोक. पुसताना ते बोटाला टोचतं. पुसण्याच्या निमित्ताने पानामागे लपलेले खवले किडेही सापडतात. औषध फवारायची सोय नाही, टाकीतल्या कोळंब्या मरतील. नखाने काढायचे.

७. पानं पिवळी पडली तर मॅग्नेशियम तपासा.
समुद्राच्या पाण्यात ते लिटरला सुमारे १३०० मिलिग्रॅम असतं. माझ्या टाकीत ११०० भरलं होतं. ते वाढवल्यावर नवी पानं हिरवी आली, जुनी मात्र गळाली.

८. कांदळ म्हणजे गाळणी नव्हे.
झाड लावलं की पाणी आपोआप स्वच्छ राहील, असं सांगून पुष्कळ जण कांदळ गळ्यात मारतात. छोट्या टाकीत तसं होत नाही. झाड इतकं सावकाश वाढतं, की चार कांदळं वर्षभरात जेवढं नायट्रेट घेतील त्याहून जास्त मूठभर शेवाळ काही आठवड्यांत घेतं. पाण्यातली घाण वेगळी करणारा स्किमर काढू नका. गळलेली पानंही लगेच उचला.

९. सारखं हलवू नका.
ही माझी सर्वांत मोठी चूक. मुळं आली का, हे बघायला दर रविवारी मी शेंग वर काढायची. पांढरी कोवळी मुळं खडीत अडकून तुटायची, शेंग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. दोन शेंगा अशा थकून गेल्या. फोनवर मामाला सांगितलं. तो म्हणाला, "तेका सारख्या हलवू नको गो. रुजांदे." त्यानंतरची शेंग मी चार महिने हातात घेतली नाही. तोवर दोन पानं आली होती.

१०. शेंड्यावर कात्री जपून.
कांदळाच्या जुन्या लाकडाला सहसा नवा फुटवा येत नाही. दिवा फार जवळ आला म्हणून मी एक झाड पानांखालून छाटलं. ते तसंच वाळलं. आता दिवाच वर उचलते.

११. टाकीतलं काही खाडीत सोडायचं नाही.
झाड नाही, पाणीही नाही. त्यात परक्या समुद्रातलं शेवाळ असतं, रोग असतात. गेल्या वर्षी मामाने विचारलं, एक झाड इकडे बांधावर लावूया का? मी नाही म्हटलं. त्याला वाईट वाटलं असावं, पण काही बोलला नाही. परतताना मला बांधापाशी घेऊन गेला. त्या पावसात वाहून आलेल्या शेंगांपैकी एक त्याने भातातून न उपटता कडेला राहू दिली होती. भोवती चार काटक्या रोवल्या होत्या, गुरांचा पाय पडू नये म्हणून. तिला पहिली दोन पानं आली होती.