त्यांना रडू दे

पुणे

चि. मुक्ता,


तुझं पत्र परवा मिळालं. तुझ्या योगवर्गातल्या ताईंचं स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालंय, आता तिसरी किमो झाली, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही, छातीत धडधडतं, तर त्यांना कोणती आसनं द्यावीत असं विचारलंस. आसनांचं सांगतेच, पण आधी माझी एक चूक ऐक.

वीसेक वर्षांपूर्वी माझ्याकडे योगासाठी एक शिक्षिका यायच्या. डावा स्तन काढलेला. शवासनात पडल्या की डोळ्यांतलं पाणी कानांत ओघळायचं. मी लगेच म्हणायचे, “रडायचं नाही हं, मन प्रसन्न ठेवा.” चार-पाच दिवसांनी रडणं थांबलं. मला वाटलं, गुण आला. पुढच्या आठवड्यात त्या यायच्याच बंद झाल्या. खूप दिवसांनी मंडईत भेटल्या, तेव्हा म्हणाल्या, “घरी मुलांसमोर हसावं लागतं. तुमच्याकडे तरी रडता येईल म्हणून येत होते.”

ते अजून टोचतं मला. म्हणून सांगते, ताईंना धीर देण्याची घाई करू नकोस. रडल्या तर रुमाल हाताशी ठेव आणि गप्प बसून राहा.

डोळे मिटायचा आग्रहही नको. मिटले की काहींना रिपोर्टच दिसतो. उघड्या डोळ्यांनी छताकडे बघत पडल्या तरी चालेल. पाठीखाली बोल्स्टर म्हणजे लांब लोड, गुडघ्यांखाली चादरीची गुंडाळी, ऑपरेशनच्या बाजूच्या हाताखाली उशी. पालथं झोपवू नकोस. टाक्यांची जागा हुळहुळी असते, छातीत किमोसाठी बसवलेलं पोर्ट असू शकतं. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हातावर भार नको, आणि हात किती वर न्यायचा ते त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच. कपालभाती, भस्त्रिका सध्या पूर्ण बाजूला. श्वास घेण्यापेक्षा सोडण्याकडे लक्ष दे: चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. मोजण्याचंच दडपण आलं तर आकडे सोडून द्यायचे. भ्रामरी हळू आवाजात. दहा मिनिटं झाली तरी पुष्कळ. आणि उदबत्ती लावू नकोस, किमोत साध्या वासानंही मळमळून येतं.

किमोनंतर साधारण एक ते दोन आठवड्यांच्या दरम्यान पांढऱ्या पेशी सगळ्यांत उतरलेल्या असतात. तेव्हा भरल्या वर्गात बोलावण्यापेक्षा तूच त्यांच्या घरी जा. तुला सर्दी असेल तर तेही नको. ताप १००.४ फॅरनहाइटला पोहोचला किंवा त्याच्या वर गेला तर सगळं बाजूला ठेवून थेट हॉस्पिटल.

आता सगळ्यांत कळकळीचं. योगानं कर्करोगाची गाठ विरघळते का, असं कुणी विचारलं तर स्पष्ट ‘नाही’ म्हण. विरघळते म्हणणारे खूप भेटतील, त्यात आपल्यासारखे शिकवणारेही असतील. योगापायी किमोची एकही तारीख चुकता कामा नये. आपण काय देऊ शकतो तेही थोडं नाही. बंगळुरूच्या विवेकानंद योग संस्थेतल्या संशोधकांनी स्तनाच्या कर्करोगाचे उपचार चालू असलेल्या स्त्रियांचा अभ्यास केला, तो २००९ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना नुसतं समुपदेशन मिळालं त्यांच्यापेक्षा योग करणाऱ्यांची चिंता जास्त कमी झाली. ऑपरेशन, किमो, रेडिएशन सगळं वेळच्या वेळी होत असताना, त्याच्या जोडीला. आपली जागा तीच.

तरीही आठवडेच्या आठवडे झोप नसेल, जेवण सुटलं असेल, ‘आता नको हे जगणं’ असं त्या बोलल्या, तर ते मनात ठेवू नकोस. त्याच दिवशी घरच्यांना आणि डॉक्टरांना सांग. मनोविकारतज्ज्ञांची औषधं घेतल्यानं योगाला कमीपणा येत नाही.

शनिवारी तुझा भाऊ येतोय, त्याच्याबरोबर माझा जुना बोल्स्टर पाठवते. खोळ गरम पाण्यातून काढून उन्हात वाळवली आहे. कापूस थोडा बसलाय, पण पिंजून घेतला नाही. नवा, कडक भरलेला बोल्स्टर पाठीखाली घेतला की छाती एकदम उघडते आणि टाक्यांची जागा ओढली जाते. याच्यावर त्यांना पडता येईल.

तुझी,
बाई