मनाचा वापसा

चांगला पाऊस होऊन गेला म्हणजे दुसऱ्याच दिवशी औत जुंपण्याची घाई अनुभवी शेतकरी करीत नाही. भारी काळ्या जमिनीत चिकणमातीचे प्रमाण फार असल्याने ती पाणी धरून ठेवते व फुगते. मातीच्या कणांमधील पोकळ्या पाण्याने भरून गेल्यामुळे तेथे हवेला जागा उरत नाही. अशा ओल्या रानात नांगर वा वखर घातला तर ढेकळे निघतात, माती दबते आणि जमिनीची घडण बिघडते. म्हणून शेतकरी वापशाची वाट पाहतो. जादा पाणी निचरून गेले व मातीत पुन्हा हवा खेळू लागली, की तीच जमीन मशागतीस योग्य होते. या वाट पाहण्याला कोणी आळस म्हणत नाही. तो मशागतीचाच एक भाग होय.

जमिनीच्या बाबतीत जे शहाणपण आपण सहज पाळतो, त्याचा स्वतःच्या मनाच्या बाबतीत मात्र पुष्कळदा विसर पडतो. मन खिन्न झाले की ते तत्काळ ताळ्यावर आलेच पाहिजे असा हट्ट आपण धरतो. म्हणून या विषयाचा थोडा विचार करणे इष्ट आहे.

उदासपणा हा दोष नव्हे

राग, भीती, आनंद यांप्रमाणेच उदासपणा हीदेखील मनाची एक स्वाभाविक अवस्था आहे. ती प्रत्येकाच्या वाट्यास केव्हा ना केव्हा येते. पावसाने खंड दिला, दुबार पेरणीची वेळ आली, दावणीचा बैल दगावला, मुलगी सासरी गेली, अशा प्रसंगी मन खाली बसणे साहजिक आहे. कित्येकदा तर उघड असे काही कारणही सापडत नाही. सुगीची धांदल संपून शरीरास विसावा मिळाला, की त्याच वेळी मनास रितेपणा जाणवतो. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही दिवसांत पुष्कळ स्त्रियांना विनाकारण रडू येते. बहुधा दोन आठवड्यांच्या आत ते आपोआप थांबते.

सर्व जमिनींना वापसा एकाच वेळी येत नाही. मुरमाड, हलक्या रानातील पाणी लवकर निचरते. भारी रानास अधिक दिवस लागतात. माणसांचेही तसेच आहे. एकजण चार दिवसांत सावरतो, तर दुसऱ्यास अधिक अवधी लागतो. एवढ्यावरून एक खंबीर व दुसरा दुबळा असे ठरविणे योग्य नव्हे.

लाजेचे दुसरे ओझे

समजा, एका शेतकऱ्याचे सोयाबीन बरे आले, विकले गेले, देणीही बरीच फिटली. तरीही तो ओट्यावर गप्प बसून राहतो. शेजारी म्हणतो, "आबा, पीक चांगलं आलं की! मग तोंड का पाडून बसलात?" प्रश्न आपुलकीचाच असतो. परंतु तो ऐकून आबांना वाटते, आपले काहीतरी चुकत आहे. सर्व ठीक असताना आपण असे का? मग ते चारचौघांत जाणे टाळतात आणि घरात उगाच चिडतात.

येथे मूळची खिन्नता थोडीच होती. तिच्यावर लाजेचे दुसरे ओझे चढले व भार दुप्पट झाला. हे दुसरे ओझे टाळणे आपल्या हाती आहे. "आज मन बरे नाही, होईल चार दिवसांत," असे स्वतःशी आणि घरच्यांशी मोकळेपणी म्हणावे. शेजाऱ्यानेही कारण विचारण्याऐवजी नुसते जवळ बसावे. तेवढ्याने पुष्कळ काम होते.

खिन्नता स्वीकारणे म्हणजे अन्याय वा नुकसान मुकाट्याने सोसणे, असा अर्थ मात्र कोणी घेऊ नये. पिकाची हानी झाली असेल तर पंचनामा वेळेत करून घ्यावा. कर्जाच्या मुदतीविषयी बँकेशी वा सोसायटीशी बोलावे. अशा मुदतीच्या कामांत मन साथ देत नसेल, तर भावास किंवा मुलास बरोबर न्यावे.

वापसा येईपर्यंत काय करावे

१. मोठे निर्णय शक्यतो पुढे ढकलावेत. बैलजोडी विकणे, रान बटईने देणे, भावाशी वाटणीचा वाद काढणे ही कामे खिन्न मनाने केल्यास ओल्या रानातील नांगरटीसारखी होतात. त्यांची ढेकळे पुढे वर्षानुवर्षे फोडावी लागतात.

२. लहान, नित्याची कामे सोडू नयेत. धारा काढणे, जनावरांस वैरण घालणे, बांधावरून एक फेरी मारणे यांनी दिवसाला आकार राहतो. उमेद आल्यावर काम करू असे न म्हणता थोडे काम करावे. मागाहून उमेद येते.

३. झोपण्याची व जेवणाची वेळ सांभाळावी. एकट्याने न जेवता घरच्यांबरोबर पंगतीस बसावे.

४. दारूचा आश्रय घेऊ नये. तिने घटकाभर बरे वाटते, परंतु झोप बिघडते आणि मन पूर्वीपेक्षा अधिक खचते.

५. पावसाची नोंद ठेवतो त्याप्रमाणे वहीत रोज एक ओळ लिहावी: झोप किती झाली, जेवण कसे झाले, कोणते काम केले. मन वर येत आहे की खाली जात आहे, हे त्यायोगे स्पष्ट कळते.

निचरा न झाल्यास

रानात पाणी साचूनच राहिले तर तूर, कापूस अशा पिकांच्या मुळांना हवा मिळत नाही व झाडे पिवळी पडतात. तेव्हा नुसती वाट न पाहता चर काढून पाण्यास वाट करून द्यावी लागते. मनाच्या बाबतीतही ही मर्यादा ओळखली पाहिजे. दोन आठवडे किंवा अधिक काळ, जवळजवळ रोज व दिवसाचा बहुतेक वेळ उदास वाटणे, कशातही गोडी न वाटणे, झोप व भूक बिघडणे, सतत थकवा येणे, स्वतःस निरुपयोगी समजणे ही लक्षणे एकत्र दिसल्यास तो नैराश्याचा आजार असू शकतो. रक्तक्षय किंवा थायरॉइडचा विकार यांमुळेही अशी मरगळ येते. म्हणून प्रथम प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्यावी.

हा आजार उपचारांनी बरा होण्यासारखा आहे. समुपदेशनाचा उपयोग होतो, जरूर तेथे औषधेही देतात. औषधाचा गुण दिसण्यास सामान्यतः काही आठवडे लागतात. तोवर धीर धरावा व डॉक्टरांना विचारल्यावाचून ते बंद करू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने असे उपचार मिळणे हा प्रत्येक नागरिकाचा हक्क ठरविला आहे. शासनाची 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झाली आहे. १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य व मराठीतूनही बोलता येते.

घरच्या मंडळींचे कर्तव्य

"आता जगण्यात अर्थ नाही" असे शब्द कोणाच्याही तोंडून निघाले, तर दोन आठवडे मोजत बसू नये. त्याच दिवशी मदत मिळवावी. त्या व्यक्तीस एकटे ठेवू नये. जीव देण्याचे विचार मनात येतात काय, हे शांतपणे व स्पष्ट शब्दांत विचारावे. विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो ही समजूत चुकीची आहे. उलट, बोलावयास मिळाल्याने मनाचा भार हलका होतो.

कीटकनाशके तर एरव्हीही घरात उघड्यावर ठेवू नयेत. ती कुलूपबंद पेटीत ठेवून किल्ली दुसऱ्या जबाबदार माणसाकडे द्यावी. मनातील टोकाची लाट पुष्कळदा थोड्याच वेळात ओसरते. त्या थोड्या वेळात विष हाताशी नसले, तर माणूस वाचतो. हे काम आजच, संध्याकाळी दिवे लागण्यापूर्वी, प्रत्येक शेतकरी कुटुंबाने उरकून घ्यावे.